चैतीबायसाठी सूचना

मस्कत,
१० डिसेंबर १९८१

आपा,

सलाम. अब्बांच्या कानाशी तोंड नेऊन माझा सलाम मोठ्याने सांग, नाहीतर ते म्हणतील शकील विसरला. दुलाभाईंनाही सलाम.

शबानाला दिवस गेलेत. हे तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळेला काय झालं ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. डॉक्टर म्हणतात मे महिन्याच्या अखेरीस, आणि सगळं ठीक आहे. डॉक्टर तेव्हाही असंच म्हणायचे. मी कारखान्यात गेलो की शबाना दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. इथे शेजार आहे, पण आपलं बोलणारं कोणी नाही. तिला आई नाही, आपली अम्मी गेली. तू अब्बांना अंथरुणावर टाकून येऊ शकत नाहीस, आणि आलीस तरी रक्त दिसलं की तूच आधी खाली पडशील.

शबानाला एकच माणूस हवं आहे. हसू नकोस. तिला चैतीबाय हवी आहे. हो, तीच, सूर्यमाळची, आपल्या दाराशी मोळी आणि रानभाजी आणणारी. मी तिच्याच हातावर जन्मलो, शबानाही, तुझी दोन्ही मुलंही. शबाना म्हणते, इस्पितळ आहे, डॉक्टर आहेत, पण चैतीबाय नुसती खाटेजवळ बसली तरी मला झोप लागेल.

मी मालकाशी बोललो आहे. इथे मालकाला अरबाब म्हणतात. घरकामाची बाई म्हणून व्हिसा मिळेल. तू ताबडतोब पासपोर्टच्या मागे लाग. फोटो काढताना तिने डोळे उघडे ठेवायला हवेत, डोक्यावरचा पदर मागे हवा. आत्तापासून शिकव. पुढच्या सूचना पुढच्या पत्रात. मराठीतच लिहितो, म्हणजे तुला तिला जशाच्या तशा वाचून दाखवता येतील.

तुझा,
शकील


जव्हार,
४ जानेवारी १९८२

शकील,

दुआ. खबर ऐकून अब्बा रडले. मी नाही रडले, कारण मी तोवर खालच्या सूचना वाचत होते.

अरे, माणूस दर्यापार गेला की इथलं सगळं विसरतो का? सूर्यमाळ म्हणजे काय मागची गल्ली आहे, की हाक मारली आणि बाई आली? मोखाड्याच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाकडे निरोप दिला, त्याने तो दुसऱ्याला दिला, दुसरा लग्नाला निघून गेला. शेवटी हारुन, तुझे दुलाभाई, स्वतः जीपने गेले आणि पुढे डोंगर चढले. दोन दिवस गुडघे चोळत बसले होते. त्यांची बोलणी मी ऐकली, तुला नाही ऐकावी लागली.

चैतीबाय आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तां गाव कवढा लांब?" म्हटलं, विमानाने जायचं, दर्यावरून. "नी वाटंत उतराचा झाला तं?" म्हटलं, उतरता येत नाही. त्यावर ती हसली. शबानाचं मात्र तिने अवाक्षर विचारलं नाही, कितवा महिना, तब्येत कशी, काही नाही. मला राग आला. मग उठता उठता म्हणाली, "उनाल्यात मी गेली तं पानी कोन आनील? सुकी एकली हाय."

सुकी म्हणजे तिची सून. उन्हाळ्यात तिथली विहीर आटते आणि बायका दरीत उतरून झऱ्याचं पाणी आणतात, हे तरी आठवतं का तुला? हारुननी कबूल केलंय की ती परत येईपर्यंत दर बाजाराच्या दिवशी जीपमधून पिंप जाईल. म्हणजे तुझ्या मुलासाठी मस्कतला बाई आणि सूर्यमाळला पाणी, दोन्ही आम्हीच पोचवायचं.

फोटोचं ऐक. दिवा लखकन पेटला की ही डोळे मिटते. फोटोवाला कंटाळला, मी कंटाळले. शेवटी तिला बाहेर उन्हात उभी केली, तर डोळे उघडे आले पण चेहरा असा, जणू आत्ता कोणाला तरी मारणार आहे. तोच लावला. अर्जात नवऱ्याचं नाव हवं. ती सांगेना. मुलगा लक्ष्या सोबत होता म्हणून भागलं. काही गोष्टी ती तोंडातून काढतच नाही, मग तुम्ही डोकं आपटा.

शबानाला सांग, पालथी झोपू नको.

झरीना


मस्कत,
२४ जानेवारी १९८२

आपा,

तू चिडतेस ते मला कळतं, पण मी इथे बसून दुसरं काय करू शकतो? सूचनाच देऊ शकतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला कोणी काही सांगितलं नव्हतं. विमानात मी घाबरून पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि इथे उतरल्यावर चुकीच्या माणसाच्या मागे अर्धा विमानतळ चाललो. तिचं तसं व्हायला नको. म्हणून नीट वाचून दाखव.

पायात चप्पल हवीच. इथली जमीन मे महिन्यात तव्यासारखी असते. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं चालणार नाही, घोट्यापर्यंत हवं. मिश्री बंद. रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो, हे तिला दोनदा सांग. विमान वर चढताना कान दुखतात, तेव्हा तोंडात गोळी ठेवायची आणि ती चघळायची, गिळून टाकायची नाही. पट्टा बांधायचा तो बाई येऊन बांधून देते, तिला ढकलू नये. जेवण मिळतं, त्याचे पैसे मागत नाहीत. संडासाची कडी आतून सरकवायची.

पासपोर्ट पिशवीत नाही, अंगावर हवा. तू शिवणकाम करतेस, चोळीला आतून खिसा शिव. माझा पत्ता अरबीत लिहिलेला कागद पाठवतोय, तो गळ्यात अडकव.

कोणाचंही पार्सल घ्यायचं नाही. कोणाचंही म्हणजे कोणाचंही. त्यात काय निघेल सांगता येत नाही आणि तपासणीत ज्याच्या हातात सापडतं तोच अडकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुळ्या, पाला, साली, भुकटी, तिच्या त्या गाठोड्यातलं काहीसुद्धा नको. तपासणीवाले एकेक वस्तू हुंगतात. मी त्यांना काय सांगणार, ही कसली मुळी आहे म्हणून? मलाच माहीत नाही. तिने नुसते हात घेऊन यायचं.

शबाना आता थोडं खाते.

शकील


जव्हार,
२६ फेब्रुवारी १९८२

शकील,

तुझं पत्र वाचून दाखवलं. चैतीबाय उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मुळ्यांचं आलं तेव्हा म्हणाली, "हात तं हायतच. पन नुसतं हात तं तुज्या डाक्तरलाबी हायत." आणि गाठोडं उचलून घरी निघाली. मी तिच्या मागे एसटी स्टँडपर्यंत धावले. शिलाईचं गिऱ्हाईक घरात बसलेलं, हातात टेप, आणि मी भर बाजारातून धावतेय. लोक बघत होते. कशीबशी परत आणली. मुळ्या ठेवून जायला तयार झाली, पण त्या दिवशी माझ्या हातचा चहा प्यायली नाही.

पार्सलांचं तर विचारूच नकोस. बातमी कशी फुटली माहीत नाही, मी तर कोणाला बोलले नाही. बाजारपेठेतल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी तिकडे असल्याचं निघालं. कोणी लोणचं घेऊन आलं, कोणी सुरमा, कोणी पोराच्या लग्नाची कुंडली द्यावी तसं जाडजूड पाकीट. सगळ्यांना परत पाठवलं. आता आमच्याशी कोणी धड बोलत नाही. तुझ्या एका ओळीने मी पिढ्यानपिढ्यांचा शेजार घालवला.

आता पोलीस चौकशीचं. पासपोर्टसाठी शिपाई सूर्यमाळला गेला. चैती कोण, विचारलं. तिथे चैत्रात जन्मलेली प्रत्येक बाई चैती! एक शेतावर, एक माहेरी, एक गेल्या वर्षी वारलेली. आपली त्या दिवशी रानात गेलेली. शिपायाने काय लिहिलं असेल? बाई मयत. मेलेल्या बाईला पासपोर्ट कसा देणार! हारुन तिला घेऊन गेले आणि साहेबाच्या टेबलासमोर उभी केली. साहेबाने विचारलं, "तू जिवंत आहेस का?" ती म्हणाली, "तुमीच बगा." झालं काम, पण ते होईपर्यंत हारुनचं दुकान तीनदा बंद राहिलं.

इथून पुढे सूचना कमी कर. मला रात्री स्वप्नात संडासाची कडी दिसते.

झरीना


मस्कत,
२० मार्च १९८२

आपा,

व्हिसा आला. पाकिटात आहे. तिकीट मे महिन्याच्या पाच तारखेचं, मुंबईहून. म्हणजे इथे येऊन तिला सवय व्हायला वेळ मिळेल.

आता एकच राहिलं, पण तेच खरं आहे. मुंबईच्या विमानतळावर आत गेल्यावर एका खिडकीशी साहेब बसलेला असतो. तुम्हाला तिथवर सोडणार नाहीत, ती एकटीच असेल. तो पासपोर्ट बघतो आणि विचारतो, कशाला चाललीस? हल्ली गरीब बायकांना फसवून इकडे आणतात आणि विकतात, म्हणून ते जास्तच विचारतात. त्यांचं चुकत नाही. तिने घाबरायचं नाही, खोटं बोलायचं नाही, सरळ सांगायचं, आमच्या शकीलच्या बायकोच्या बाळंतपणाला चालले. एवढंच. हे वाक्य बोलली की तो शिक्का मारतो.

बाकी सगळ्या सूचना विसरली तरी चालेल. चप्पल विसरली, थुंकली, काहीही केलं तरी मी निस्तरीन. हे एक वाक्य पाठ करून घे.

आपा, तुला एक सांगतो. शबानाने बाळाचं काहीच शिवलेलं नाही. मागच्या वेळचे कपडे ट्रंकेत आहेत, ती ट्रंक ती उघडू देत नाही. रोज फक्त विचारते, चैतीबायचा पासपोर्ट झाला का? मी घाबरलोय. हे मी तुलाच लिहितोय, तिला कळू देऊ नकोस.

शकील


जव्हार,
१४ एप्रिल १९८२

शकील,

घाबरू नकोस. चैतीबाय आमच्याकडे राहायला आली आहे आणि घराचं विमानतळ झालंय.

शिलाई मशीनमागे हारुन साहेब होऊन बसतात. चष्मा नाकावर, आवाज जाड. चैतीबाय चोळीच्या खिशातून पासपोर्ट काढते आणि दोन्ही हातांनी पुढे करते. ते झकास जमतं. चप्पल घालून ती आधी बदकासारखी चालायची, आता बरी चालते. घोट्यापर्यंतचं लुगडं नेसवलं तर म्हणाली, "पाय बांदलं नी सांगता चाल." पण नेसली. मिश्री सोडली, हे मला खरंच वाटलं नव्हतं. डोकं दुखतं म्हणते, पण सोडली. तू म्हणशील ते ती करतेय, हे लक्षात ठेव.

फक्त ते वाक्य. हारुन विचारतात, "कशाला चाललीस?" की ही गप्प. कधी हसते, कधी पदर चाळवते, कधी म्हणते, "तुमाला म्हायती हाय ना, मंग कसाला इचारता?" मी ओरडले, समजावलं, वाक्य दहादा म्हणून दाखवलं. ती मान डोलावते. "आयकला" म्हणते. तोंडातून मात्र काढत नाही. हारुन म्हणाले, घरच्या माणसासमोर लाजत असेल, खऱ्या साहेबासमोर बरोबर बोलेल. मलाही तसंच वाटतं. पोलिसाच्या साहेबाला नाही का तिने ठणकावून उत्तर दिलं?

अब्बांनी तिच्यासोबत पाठवायला शबानासाठी आपली जपाची तसबीह दिली आहे. हे पार्सल नाही, घरचं आहे.

झरीना


जव्हार,
८ मे १९८२

शकील,

तार मिळाली असेल. तारेत दोनच शब्द लिहिता आले, बाकीचं आता लिहिते.

पाच तारखेला आम्ही तिला विमानतळावर नेलं. दारातून आत गेली तेव्हा चप्पल पायात, कागद गळ्यात, पिशवीत दोन लुगडी आणि तसबीह. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी हारुनना म्हटलं, सुटलो एकदाचे. आम्ही बाहेर बसून डबा सोडला. घास तोंडात घालणार तोच आतून एक हवालदार आला आणि ओरडायला लागला, "जव्हारवाल्या बाईचं कोण आहे?"

त्याच्यामागे चैतीबाय उभी. पिशवीसकट.

हवालदार आपल्याकडचाच होता. मला म्हणाला, "बाई, हिला कुठे पाठवत होता? साहेबांनी विचारलं, कशाला चाललीस, तर म्हणते भाजीला चालले. पुन्हा विचारलं, मस्कतला? तर म्हणते, हां, भाजीला. साहेबांनी चांगलं समजावून विचारलं, आजी, कोणी फसवून नेतंय का, कोणाच्या घरी चाललीस, काय काम आहे? एकच, भाजीला चालले." साहेबाने तिच्या पासपोर्टावर काय ते लिहिलं आणि परत पाठवली. हवालदार म्हणाला, साहेबांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. कुठल्या एजंटाच्या तावडीतून म्हातारी सुटली म्हणायचं! आम्हालाच एजंट समजत होता तो. हारुननी गयावया केली, तुझं पत्र दाखवलं. तोवर विमान गेलं.

भाजीला! वैशाखात! सूर्यमाळला गवताची काडी हिरवी नाही या दिवसांत, आणि ही मस्कतच्या वाळवंटात भाजीला चालली!

मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, वाटेल ते बोलले. का नाही बोललीस? एक वाक्य, चैतीबाय, एक वाक्य! ती खाली बघत होती. जव्हारला उतरल्यावर चपला काढल्या, माझ्या ओट्यावर नीट जोडून ठेवल्या, आणि सूर्यमाळच्या जीपमध्ये जाऊन बसली.

व्हिसाची मुदत महिनाअखेरीला संपते, पासपोर्टावरचा तो शेरा तोवर निघत नाही, आणि नवीन व्हिसा काढायला वेळ नाही. मला माफ कर असं लिहिणार होते, पण माझं काय चुकलं तेच कळत नाही. शबानाला कसं सांगितलंस?

झरीना


मस्कत,
१७ मे १९८२

आपा,

कसं सांगितलं विचारतेस? मी सांगितलंच नाही. मी विमानतळावर एकटाच उभा होतो, सगळी माणसं बाहेर येऊन गेली. घरी आलो तर शबानाने दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं. तेवढ्यात तिला कळलं. तेव्हापासून ती माझ्याशीही बोलत नाही.

सहा महिने मी पत्रं लिहितोय. तिला विमानातल्या पट्ट्यापासून संडासाच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं. कशासाठी? तू शिकवलंस म्हणतेस, मग ती बोलली का नाही? तुला एप्रिलमध्येच दिसत होतं की ती ते वाक्य बोलत नाही. मग "लाजत असेल" म्हणून सोडून कसं दिलंस? आणि ती! तिला जायचंच नव्हतं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं. आम्ही दुसरं कोणी शोधलं असतं. शबानाच्या जिवाशी खेळ झाला हा.

तिचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. दाराशी आली तर मोळीसुद्धा घेऊ नकोस तिची.

शकील


मस्कत,
२ जून १९८२

आपा,

तुझं उत्तर नाही. नसणारच. मी जे लिहिलं ते वाचून मीही उत्तर दिलं नसतं.

तार मिळाली असेल. मुलगी झाली. एकोणतीस मेला. दोघी बऱ्या आहेत. मी चार दिवस कोणाला काही लिहिलं नाही, रोज जाऊन बघून येत होतो, खरंच आहे का म्हणून.

तुला एक गोष्ट सांगतो, कोणाला सांगू नकोस. शबानाला आत नेल्यावर इस्पितळातल्या खिडकीवरच्या माणसाने मला विचारलं, कोणासाठी थांबलायस? मला सहा वर्षं झाली इथे, अरबी चांगली येते, मी कारखान्यात लोकांना दरडावतो. तरी बायकोचं नाव तोंडातून निघेना. म्हटलं, काही नाही, असाच. त्याने मला बाहेर काढलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पुन्हा आत जाऊन विचारायची हिंमतच होईना.

केरळची एक परिचारिका होती. तिने शबानाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, असं शबाना सांगते. ती बाई काय बोलत होती ते शबानाला एक अक्षर कळलं नाही. ट्रंक उघडली आहे. मागचे कपडे मुलीला लहान होतात, बाईसाहेब चांगल्याच गुबगुबीत आहेत.

अब्बांना सांग. रुसवा सोड.

शकील


जव्हार,
२८ जून १९८२

शकील,

मुबारक. शबानाला, तुला आणि गुबगुबीत बाईसाहेबांना. मी रुसले होते आणि मला रुसायचा हक्क होता. तो विषय संपला.

काल चैतीबाय आली. भर पावसात, डोक्यावर टोपलीत शेवळांची रानभाजी, पायात काही नाही. पाच मेनंतर पहिल्यांदा. तू म्हणाला होतास मोळीसुद्धा घेऊ नकोस, आणि तुला सांगते, माझाही दार लावून घ्यायचा बेत होता. पण तिने टोपली खाली ठेवण्याआधीच विचारलं, "झाला?"

म्हटलं, "झाली. मुलगी. दोघी बऱ्या."

ती उंबऱ्यावर बसली. मग एकदम बोलायला लागली. किती वजन, रडली का लगेच, दूध ओढते का, शबानाचं पोट बांधलंय का, अंगावरून किती जातं. सहा महिन्यांत तिने शबानाचं नाव काढलं नव्हतं, आणि आता तिला थांबवता येईना. मी म्हटलं, "बाई गं, हे सगळं तेव्हा त्या साहेबाला सांगितलं असतंस तर तिथे जाऊन डोळ्यांनी बघितलं असतंस!"

तेव्हा ती म्हणाली, आणि मी तिचेच शब्द लिहिते: "पोटाचा नी पावसाचा आदी बोलाचा नाय. आल्यावर बोलाचा. माजे सासूनी शिकवलाय. सुइनीला बोलावनं आला का गुपचूप निगाचा. वाटंत कोनी इचारला, कय चालली, तं सांगाचा, भाजीला."

सगळ्या आयुष्यात तिने हेच केलंय. तू झालास तेव्हाही ती आपल्या घरी भाजीलाच आली होती.

मी चिडले. म्हटलं, तो परका साहेब होता, त्याला सांगून काय बिघडणार होतं? तर म्हणाली, "परका म्हनूनच. दोन पोरं गेली तिची, झरू. मी नाय बोलली. तुमी सांगलां तां सगला आयकला. चपला घातल्या. मुल्या ठेवल्या. मिसरी सोडली. येक तेवडा नाय आयकला." आणि मग, अगदी शांतपणे, "मना विमान बगाचा व्हता. पन पोर झाली ना?"

मी सातवी शिकले. मला माहीत आहे की भाजी म्हटल्याने पोर जगत नाही. पोर तिकडे दूध पितेय, शकील. मी काय म्हणून वाद घालू?

मला राग तिचा आला नाही शेवटी, आपला आला. तू सूचना लिहिल्यास, मी वाचून दाखवल्या. तिला एवढंच कोणी विचारलं नाही की बाई, तुझी काही अडचण आहे का?

शेवळं घेतली. चिंच घालून शिजवली, घशाला खाजली नाहीत. अब्बांनी दोनदा मागून खाल्ली. चपला मी तिला परत द्यायला लागले तर म्हणाली, राहू दे, पुन्यांदा लागतील.

जाताना तिने तुझ्यासाठी सूचना दिल्या आहेत. तुझ्या सूचना मी एवढ्या ऐकवल्या, आता तुझी पाळी. मुलगी पहिल्यांदा या मुलखात येणार, तिला सगळं परकं असेल, म्हणून नीट वाच. पाऊस सरल्यावर आणायची, आधी नाही. घाटात जीपमध्ये तिला मागे बसवायची नाही, वळणावर उलटी होते. सूर्यमाळचं पाणी पहिले दिवस उकळून द्यायचं. चार बायका येऊन उचलून घेतील, गालाला हात लावतील, तर मुलीला मागे ओढायची नाही. कुत्र्याला घाबरली तर घाबरू द्यायची, कडेवर घेऊन हिंडवायची नाही. नाचणीची भाकर हातात द्यायची, चोखेल.

आणि शेवटची सूचना तिने दारातून पुन्हा मागे येऊन सांगितली: निघायचा दिवस कोणालाही सांगायचा नाही.

झरीना


मस्कत,
३० सप्टेंबर १९८२

आपा,

तुझं पत्र आलं तेव्हाच शबानाला वाचून दाखवलं, उत्तर मात्र रजा मिळेपर्यंत थांबवलं. भाजीचं आलं तेव्हा ती हसायला लागली, आणि मग इतकी रडली की मुलगी घाबरून रडायला लागली. मी मध्ये बसून दोघींकडे बघत होतो. त्या इस्पितळाच्या खिडकीपाशी मी काय म्हणालो होतो ते मला आठवत होतं. शबानाला ते मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मी जे लिहिलं होतं, मोळी घेऊ नकोस वगैरे, ते तू तिला सांगितलं नसशील अशी आशा आहे. सांगितलं असशील तर मी येऊन निस्तरतो.

अरबाबने रजा दिली आहे. तिघांची तिकिटं काढली. दुलाभाईंना जीपचं सांगून ठेव, पण जीप कशासाठी ते बोलायला नको. बाजाराचं काहीतरी सामान सूर्यमाळला न्यायचंय म्हण. चैतीबायच्या चपला ओट्यावरच असू देत. शबाना म्हणते, आम्ही परत निघू तेव्हा तिला विमान बघायला मुंबईपर्यंत न्यायचं, आणि त्या साहेबाच्या खिडकीपाशी यायची गरज नाही, बाहेरूनही दिसतं.

माझ्या प्रत्येक पत्रात तारीख असते, वेळ असते, कुठल्या दाराने बाहेर येणार तेही असतं, म्हणून तू मला हसतेस. या वेळी काही लिहीत नाही.

बाजारात कोणी विचारलं, शकील कधी येतोय, तर सांग माहीत नाही. भाजीला गेलाय.

शकील